ग्रंथालयातली स्वयंचलित पुस्तकभांडारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी, नोकरीत असलेले ग्रंथपाल आणि परदेशातलं एखादं मोठं ग्रंथालय पाहून आलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांत मुख्य उदाहरण शिकागो विद्यापीठाच्या मॅन्सुएटो ग्रंथालयाचं आहे. जिथे दुसऱ्या ठिकाणचा अनुभव जास्त शिकवतो तिथे त्या ठिकाणचा दाखला दिला आहे.

स्वयंचलित भांडार म्हणजे नेमकं काय?

चार-पाच मजले उंचीचा पोलादी सांगाडा, त्यात हजारो खण आणि प्रत्येक खणात एक पत्र्याची पेटी. सांगाड्यांच्या दोन रांगांमध्ये अरुंद गल्ली असते. त्या गल्लीत रुळावर एक क्रेन पुढे-मागे धावते आणि तिच्या खांबावरचा पाळणा वर-खाली होतो. हवी ती पेटी ओढून घ्यायची, गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या कर्मचाऱ्यासमोर आणून ठेवायची आणि काम झालं की परत खणात सरकवायची, एवढंच काम ती क्रेन करते. मुंबईत भुलाभाई देसाई रस्त्यावरचा यांत्रिक पार्किंग टॉवर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. तिथे गाडीचा मालक आत जात नाही, इथे वाचक आत जात नाही.

हे तंत्र मुळात कारखान्यांच्या आणि मालाच्या गोदामांचं. सुटे भाग, औषधं, कापड अशा गोष्टींसाठी ते आधीपासून वापरात होतं. ग्रंथालयांनी ते तिथून घेतलं.

वाचकाने पुस्तक मागितल्यापासून ते हातात पडेपर्यंत काय घडतं?

वाचक ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, पुस्तक शोधतो आणि मागणीचं बटण दाबतो. ग्रंथालयाची संगणक प्रणाली ती मागणी भांडाराच्या प्रणालीला कळवते. हे पुस्तक कोणत्या पेटीत, त्या पेटीच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे त्या दुसऱ्या प्रणालीला माहीत असतं. ती क्रेनला पेटीचा पत्ता देते आणि पेटी कर्मचाऱ्यासमोर येते. पडद्यावर पुस्तकाचं नाव आणि कप्पा दिसतो. कर्मचारी हाताने पुस्तक काढतो, त्याचा बारकोड वाचतो, पेटी परत जाते आणि पुस्तक देवघेव विभागाकडे रवाना होतं. वाचकाला ईमेल जातो.

शिकागोत या सगळ्याला साधारण पाच मिनिटं लागतात. वाचक तळघरातल्या कपाटांपर्यंत चालत जाऊन, क्रमांक शोधून, पायरीवर चढून पुस्तक काढेपर्यंत अनेकदा याहून जास्त वेळ जातो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: यंत्र पुस्तकाला हात लावत नाही. ते फक्त पेटी हलवतं. पुस्तक काढणं आणि ठेवणं आजही माणसाच्या हातूनच होतं.

पेटीत पुस्तकं विषयवार लावलेली असतात का?

नाही. विषयांना क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश किंवा इतर कोणत्याही वर्गीकरणाचा इथे साठवणीशी काही संबंध उरत नाही. पुस्तकं उंचीप्रमाणे वेगळी करतात, कारण पेट्यांच्या उंच्या ठरावीक असतात. आठ इंची पुस्तकाशेजारी चौदा इंची पुस्तक ठेवलं तर वरची जागा फुकट जाते. त्यामुळे एकाच पेटीत वनस्पतिशास्त्राचा खंड, पोर्तुगीज कवितासंग्रह आणि रेल्वेचे जुने अहवाल गुण्यागोविंदाने राहतात.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे परत आलेलं पुस्तक आधीच्याच पेटीत जावं असा नियम नसतो. कर्मचारी परतीचा बारकोड वाचतो, तेव्हा त्या उंचीच्या ज्या पेटीत जागा आहे ती समोर येते, पुस्तक तिथे बसतं आणि प्रणालीत नवा पत्ता नोंदला जातो. काही वर्षं गेली की एकत्र आलेल्या चौदा खंडांचा संच चौदा वेगवेगळ्या पेट्यांत विखुरलेला असू शकतो. जागेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. विषयासाठी राखीव मोकळी जागा ठेवावी लागत नाही, आणि नवी पुस्तकं आली म्हणून अख्खी रांग पुढे सरकवण्याचं ते कंबरडं मोडणारं काम कायमचं जातं. ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ४००च्या वर्गाची कपाटं ५००कडे सरकवली आहेत त्यांना याची किंमत कळेल.

मग पुस्तक हरवत नाही का?

उघड्या कपाटांपेक्षा खूपच कमी. उघड्या कपाटात पुस्तक हरवण्याचं सगळ्यात मोठं कारण चोरी नसून चुकीच्या जागी ठेवणं हे असतं. वाचक पुस्तक चाळतो आणि दोन ओळी खाली ठेवून देतो. त्यानंतर ते पुस्तक असूनही नसल्यासारखं. भांडारात वाचकाचा हात पोचतच नाही आणि प्रत्येक हालचालीची नोंद होते. साठ्याची पडताळणीही सोपी होते, कारण रोज काही पेट्या मागवून तपासता येतात आणि त्यासाठी ग्रंथालय बंद ठेवावं लागत नाही.

चूक होते ती पेटीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून. प्रणाली म्हणते तिसरा कप्पा आणि हात चौथ्यात जातो. अशा वेळी निदान पेटी तरी तीच असते, म्हणून पुस्तक सापडतं. पण बारकोड न वाचताच पुस्तक आत टाकलं गेलं, तर लाखो पुस्तकांत ते शोधायचं कसं? म्हणून पेटीवरच्या माणसाचं प्रशिक्षण आणि त्याचा कामाचा वेग या दोन्हींबद्दल घाई करू नये असं मी कळकळीने सांगेन.

आणि तालिकेतली नोंदच चुकीची असेल तर?

तर पुस्तक आहे, सुरक्षित आहे आणि कुणालाही मिळणार नाही. या सगळ्या विषयातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

उघड्या कपाटात नोंद सदोष असली तरी पुस्तकाला दुसरी संधी असते. शेजारचं पुस्तक घ्यायला आलेल्या वाचकाची नजर त्याच्या कण्यावर पडते. अनुभवी ग्रंथपालाला ‘तो निळ्या बांधणीचा जाड ग्रंथ’ आठवतो. पेटीत गेलेल्या पुस्तकाला अशी संधी नसते. तिथे ते केवळ आपल्या नोंदीच्या आधाराने जिवंत असतं. शीर्षक अर्धवट टंकलेलं, लेखकाचं नाव दोन पद्धतींनी लिहिलेलं, विषयशीर्षकं रिकामी, खंड क्रमांक गाळलेला, यातली एकेक उणीव त्या पुस्तकाचा एकेक वाचक कमी करते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत ही अडचण आणखी खोल आहे. आपल्या अनेक ग्रंथालयांतल्या जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर त्या नीट दिसतात, पण शोधखिडकीत देवनागरीत काहीही लिहिलं तरी सापडत नाहीत. काही नोंदी रोमन लिपीत आहेत आणि त्यांत एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं आहेत. युनिकोडमध्ये आल्यावरही प्रश्न संपत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या सांकेतिक क्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधप्रणालीत हे दोन्ही क्रम एकच धरण्याची तजवीज नसेल तर निम्मे निकाल गळतात. ऱ्हस्व-दीर्घ आणि जुन्या शुद्धलेखनातले अनुस्वार हा आणखी एक थर. १९६० पूर्वी छापलेल्या पुस्तकाचं शीर्षक मुखपृष्ठावर जसं आहे तसं नोंदवावं लागतं, पण आजचा वाचक ते आजच्या पद्धतीने शोधतो. दोन्ही रूपं नोंदीत हवीत.

परदेशातल्या ज्या ग्रंथालयांनी अशी भांडारं उभारली त्यांना पुस्तकं हलवण्याआधी प्रत्येक प्रत हातात घेऊन बारकोड लावावा लागला आणि नोंद तपासावी लागली. क्रेनची छायाचित्रं सगळीकडे छापून येतात. या कामाची येत नाहीत.

पहिलं असं ग्रंथालय कोणतं?

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिज. लॉस एंजेलिसमधल्या या विद्यापीठाच्या ओव्हियाट ग्रंथालयात १९९१ मध्ये हे भांडार सुरू झालं. इतर ग्रंथालयं बरीच वर्षं दुरून पाहत राहिली, आणि ते स्वाभाविकही होतं, कारण कारखान्याचं यंत्र ग्रंथालयात टिकेल का हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे साडेचारच्या सुमारास भूकंप झाला. तीव्रता ६.७ होती आणि विद्यापीठ केंद्राच्या अगदी जवळ होतं. ग्रंथालयाच्या इमारतीचं मोठं नुकसान झालं, उघड्या कपाटांवरची पुस्तकं ढिगांनी जमिनीवर आली. स्वयंचलित भांडार मात्र जवळजवळ धक्क्याविना वाचलं. पुस्तकं खोल पेट्यांत होती, पेट्या सांगाड्यात होत्या आणि सांगाडा भूकंपप्रवण भागाचा विचार करून बांधलेला होता. कुणालाही नको असलेल्या त्या चाचणीत हे तंत्र उतरलं.

त्यानंतर लास व्हेगासचं नेवाडा विद्यापीठ, व्हँकुव्हरचं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, सिडनीचं मॅक्वेरी विद्यापीठ अशी यादी वाढत गेली. जपानमध्ये तोक्योजवळच्या इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत २००० साली असं भांडार आलं. भूकंपाच्या देशात या तंत्राला लवकर स्वीकृती मिळाली, यात नवल नाही.

जागा खरोखर किती वाचते?

शिकागोत सामान्य कपाटांच्या तुलनेत सुमारे एक सप्तमांश जागा लागते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या हंट ग्रंथालयात, जिथे या यंत्रणेला बुकबॉट म्हणतात, ग्रंथालय एक नवमांशाचा आकडा सांगतं. हे ग्रंथालय रॅले शहरात २०१३ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या भांडाराची क्षमता २० लाख खंडांची आहे. काचेच्या भिंतीतून तिथे क्रेन काम करताना पाहता येतात, अगदी शाळकरी मुलंही पाहायला येतात.

जागा वाचण्याची कारणं तीन: माणसाच्या हाताच्या उंचीची मर्यादा जाते, गल्ल्या क्रेनपुरत्याच रुंद लागतात आणि उंचीप्रमाणे वर्गवारी केल्यामुळे पुस्तकांवरची पोकळी उरत नाही.

शिकागोने पुस्तकं शहराबाहेर न नेता हा मार्ग का घेतला?

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी कमी वापराची पुस्तकं शहराबाहेरच्या स्वस्त जागेत नेली. तिथून पुस्तक यायला एखादा दिवस लागतो. शिकागोतल्या प्राध्यापकांना आणि संशोधकांना ते नको होतं. एका पुस्तकातल्या तळटीपेवरून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला प्रत्येक पावलावर एक दिवस थांबायला लावणं म्हणजे त्याचं काम मोडणं, हे विद्यापीठाला पटलं. मी या निर्णयाला मनापासून दाद देतो.

प्रश्न होता जागेचा. रेगेनस्टाइन या मुख्य ग्रंथालयाशेजारी मोकळी जमीन थोडी होती. वास्तुविशारद हेल्मुट यान यांनी भांडार जमिनीखाली ५० फूट खोल नेलं आणि वर लंबगोल काचेचा घुमट उभा केला. घुमट सुमारे २४० फूट लांब आणि १२० फूट रुंद आहे. त्याखाली वाचनकक्ष, ग्रंथसंवर्धनाची प्रयोगशाळा आणि डिजिटायझेशनचा विभाग आहे. नेहमीच्या पद्धतीत पुस्तकांना सूर्यप्रकाशापासून वाचवायला वाचकही अंधारात बसतात. इथे पुस्तकं खाली गेली आणि उजेड माणसांना मिळाला.

२०११ मध्ये हे ग्रंथालय खुलं झालं. एकूण खर्च ८.१ कोटी डॉलर, त्यातले २.५ कोटी डॉलर जो आणि रिका मॅन्सुएटो या दांपत्याची देणगी. क्षमता ३५ लाख खंडांची, पेट्या सुमारे २४ हजार, क्रेन पाच.

जुने मराठी कोश इंटरनेटवर चाळणाऱ्यांना हे विद्यापीठ परकं नाही. ते कोश शोधता येतील अशा रूपात याच विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयाने ठेवले आहेत. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत अमेरिकन विद्यापीठांकडे भारतीय भाषांतली पुस्तकं जाऊ लागली. त्यांत मराठीही होती आणि शिकागो त्या योजनेत सहभागी होतं.

कोणती पुस्तकं पेटीत जातात?

ग्रंथालयाचा खरा स्वभाव या निवडीत दिसतो. सगळ्यात आधी जातात नियतकालिकांचे बांधीव खंड. ते चाळून शोधले जात नाहीत, लेखाचा संदर्भ हातात घेऊनच वाचक येतो. शिवाय अनेकांच्या डिजिटल आवृत्त्या असतात. त्यानंतर शासकीय प्रकाशनं, जुन्या आवृत्त्या, दुर्मीळ संग्रह आणि अभिलेखांचे खोके. शेवटच्या प्रकारासाठी पेट्यांऐवजी वेगळे खण ठेवतात.

बऱ्याच ठिकाणी ‘गेली इतकी वर्षं बाहेर न गेलेलं पुस्तक’ हा निकष लावला जातो. एकट्या या निकषावर विसंबू नये. घरी न नेता ग्रंथालयात बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद देवघेवीत येत नाही. कोश, गॅझेटियर, शिलालेखांचे संग्रह यांचा वापर असाच मुका असतो. पुस्तकं हलवण्याआधी त्या त्या विषयाच्या प्राध्यापकांना यादी दाखवावी आणि त्यांचे आक्षेप मानावेत.

कपाटांपुढे उभं राहून पुस्तकं चाळण्याचा आनंद संपतो, त्याचं काय?

संपतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. शोधत असलेल्या पुस्तकाशेजारचं, नाव कधी न ऐकलेलं पुस्तक हाती लागणं हा संशोधनाचा एक मोठा स्रोत आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि वाचकाला कपाटांपर्यंत मोकळेपणी जाऊ द्यावं असा आग्रह धरला. आपल्याकडे कुलूपबंद कपाटं आणि मागणीच्या चिठ्ठ्या हाच रिवाज होता, त्या काळात हा आग्रह फार धाडसाचा होता. स्वयंचलित भांडार म्हणजे त्या दृष्टीने एक पाऊल मागे आहे. त्यांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो आणि पाचवा सांगतो की ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. भांडार या दोन्हींची बाजू घेतं. नियमांचीच अशी ओढाताण होते, म्हणून सरसकट उत्तर मिळत नाही.

व्यवहारात चांगल्या ग्रंथालयांनी मधला मार्ग काढला आहे. शिकागोत शेजारच्या रेगेनस्टाइनमध्ये लाखो पुस्तकं उघड्या कपाटांवरच आहेत. हंट ग्रंथालयाने संगणकावर आभासी कपाट दिलं: एक पुस्तक उघडलं की वर्गीकरणाप्रमाणे त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तकं मुखपृष्ठांसह दिसतात, मग ती प्रत्यक्षात कोणत्याही पेटीत असोत. प्रत्यक्ष कपाटाची सर त्याला नाही. पान उलटून अनुक्रमणिका पाहता येत नाही, पुस्तकाची जाडी जाणवत नाही. पण प्रत्यक्ष कपाटावर न दिसणारी एक गोष्ट तिथे दिसते: बाहेर गेलेली पुस्तकंही रांगेत असतात.

साहित्य, इतिहास, कला या विषयांची चालू पुस्तकं पेटीत घालू नयेत असं माझं मत आहे. जागा कितीही कमी असो.

वीज गेली किंवा यंत्र बिघडलं तर?

प्रत्येक गल्लीची क्रेन स्वतंत्र असते. एक बंद पडली तर तिच्याच गल्लीतल्या पेट्या अडकतात, बाकीचं काम चालू राहतं. रोजची देखभाल आणि सुट्या भागांचा साठा मात्र लागतोच. वीस-पंचवीस वर्षांनी नियंत्रणप्रणाली जुनी होते, तिचे भाग मिळेनासे होतात आणि ती बदलावी लागते. हा खर्च पहिल्या दिवशीच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. तो आधीच विचारून घ्यावा.

यंत्राहून मोठी भीती संगणकाची आहे. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणीसाठी तिच्या प्रणाली निकामी करण्यात आल्या. तालिका शोधण्यापुरती सुरू व्हायला १५ जानेवारी २०२४ उजाडला आणि यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा इथला साठा त्यानंतरही काही काळ वाचकांना मागवता येत नव्हता. एकही पुस्तक जळालं नाही, भिजलं नाही, हरवलं नाही. पुस्तक कुठे आहे हे सांगणारी व्यवस्था गेली की पुस्तकही गेल्यासारखंच होतं, हे तिथे दिसलं. म्हणून कोणतं पुस्तक कोणत्या पेटीत आहे या नोंदींची नक्कल रोज वेगळ्या, जाळ्याशी न जोडलेल्या ठिकाणी ठेवणं ही या भांडाराची पहिली गरज मानावी.

इतका कागद एका ठिकाणी म्हणजे आगीचा धोका मोठा ना?

मोठा आहे. उंच सांगाड्यात आग वरच्या दिशेने झपाट्याने चढते. अमेरिकन ग्रंथालयं बहुधा सांगाड्याच्या आतच पाण्याचे फवारे बसवतात. पत्र्याच्या पेट्याही आग पसरायला थोडा अडथळा करतात.

ब्रिटिश लायब्ररीने बॉस्टन स्पाला वेगळा उपाय केला. भांडारातल्या हवेत नायट्रोजन वाढवून ऑक्सिजन सुमारे १४-१५ टक्क्यांवर ठेवला. आपण श्वास घेतो त्या हवेत तो जवळजवळ २१ टक्के असतो. इतक्या विरळ ऑक्सिजनमध्ये कागद पेट घेत नाही, त्यामुळे आग विझवण्याचा प्रश्नच उरत नाही आणि पाण्याने पुस्तकं भिजण्याचाही. माणसांची वर्दळ नसलेल्या भांडारातच हे शक्य होतं. दुरुस्तीसाठी आत जाणाऱ्यांना उंच डोंगरावर गेल्यासारखी विरळ हवा सोसावी लागते. म्हणून तिथे कोण किती वेळ जाईल यावर नियम आहेत.

तिथली पहिली स्वयंचलित इमारत २००९ मध्ये तयार झाली. तिच्यात २६२ किलोमीटर लांबीची मांडणी आणि ७० लाख वस्तूंची क्षमता आहे. वृत्तपत्रांसाठीची इमारत नंतरची. लंडनच्या कॉलिंडेलमधलं जुनं वृत्तपत्रालय २०१३ मध्ये बंद करून तिथले बांधीव खंड इकडे आणले.

कागदाच्या आयुष्याला याचा फायदा होतो का?

होतो, आणि जागेच्या बचतीइतकाच मोठा होतो. माणसांसाठी दिवे, उबदार हवा, उघडझाप होणारी दारं काहीच लागत नाही. काळोख, थंडावा आणि स्थिर आर्द्रता राखता येते. शिकागोत तापमान सुमारे १५-१६ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ३० टक्के ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद वापरात आला. त्यातल्या आम्लामुळे तो आतूनच ठिसूळ होत जातो. थंडीत ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या जातात का?

पुस्तकं लावणाऱ्या, आणणाऱ्या सेवकांचं काम कमी होतं, हे खरं आहे. तालिका, पडताळणी, संवर्धन आणि वाचकसाहाय्य यांचं काम वाढतं. ही वाढ जुन्याच माणसांना शिकवून भरून काढायची की पदं रद्द करायची, हा निर्णय व्यवस्थापन घेतं. यंत्राच्या नावावर तो खपवू नये.

यंत्राशिवाय अशी दाट साठवण करता येते का?

येते, आणि जगातली बरीच मोठी भांडारं तशीच आहेत. हार्वर्ड विद्यापीठाने १९८६ मध्ये शहराबाहेर एक भांडार सुरू केलं. उंचीप्रमाणे वेगळी केलेली पुस्तकं पुठ्ठ्याच्या तबकांत, तबकं तीस फूट उंच मांडण्यांवर आणि कर्मचारी उचलयंत्रावर उभा राहून वर जातो. बारकोड, पत्ता, नोंद सगळं तसंच. फक्त क्रेनच्या जागी माणूस.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने २०१० मध्ये स्विंडनला याच धर्तीवर भांडार बांधलं. क्षमता ८० लाखांच्या वर, खर्च सुमारे २.६ कोटी पौंड. तिथून वाहनाने पुस्तकं ऑक्सफर्डला येतात. बॉस्टन स्पाच्या पहिल्या स्वयंचलित इमारतीलाही साधारण तेवढाच खर्च आला होता. दोन्ही इमारतींच्या गरजा वेगळ्या असल्याने थेट तुलना करता येणार नाही, पण ‘यंत्र म्हणजे परवडणारच नाही’ हे गृहीत धरू नये, आणि ‘यंत्राशिवाय चालणारच नाही’ हेही.

महाराष्ट्रात असं भांडार व्हावं का?

मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार देशभरातल्या प्रकाशनांची प्रत मिळणाऱ्या चार ग्रंथालयांपैकी एक आहे. बाकीची तीन कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीत आहेत. अशा ग्रंथालयाकडे येणारा ओघ कधीच थांबत नाही आणि आलेलं काढून टाकता येत नाही. दाट साठवणीची खरी गरज अशाच ठिकाणी आहे. १८९८ सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या शतकपार संस्थांपुढेही प्रश्न तोच आहे: जुनं जपायचं आणि नव्यालाही जागा द्यायची.

मला वाटतं प्रत्येकाने वेगळी क्रेन घेण्याचा विचारही करू नये. अनेक संस्थांनी मिळून एक सामाईक भांडार उभारावं, मालकी ज्याची त्याची राहावी, तालिका एकच असावी. तंत्रज्ञान देशात आहे. गोदामांसाठी अशा यंत्रणा बसवणाऱ्या कंपन्या आहेत. अडचण हवामानाची आहे. कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. बंद पेटीत, वातानुकूलन मध्येच बंद पडून, अशी हवा अडकली तर बुरशी एका पेटीतून दुसरीत शिरेल आणि आत माणूस जात नसल्यामुळे ती लवकर कळणारही नाही. अखंड वीज आणि अखंड वातानुकूलन यांची वीस वर्षांची तरतूद नसेल तर उघडी कपाटं, पंखे आणि रोज फिरणारा डोळस सेवक बरा. जागा निवडताना म्हणूनच समुद्रकिनारा टाळून घाटमाथ्यावरच्या कोरड्या भागाचा विचार आधी व्हावा.

एवढं मोठं काही करायचं नाही. आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयाला यातून काय घेता येईल?

दाखल नोंदवहीतल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद युनिकोड देवनागरीत संगणकावर आणा. त्यासाठी कोहा ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त प्रणाली किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय पुरेशी आहे. जुन्या फॉन्टमधल्या नोंदी रूपांतरित करून घ्या आणि नंतर एकेक डोळ्यांखालून घाला. रूपांतरात जोडाक्षरं हमखास बिघडतात.

बारकोड प्रतीला लावायचा असतो, शीर्षकाला नाही. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पाच बारकोड. चिकटपट्टीचा डिंक जुन्या कागदाला डागतो, म्हणून दुर्मीळ पुस्तकाला तो थेट चिकटवू नका. आम्लविरहित कागदाच्या पट्टीवर लावून ती पट्टी आत ठेवा.

क्वचित लागणारे बांधीव खंड उंचीप्रमाणे वेगळ्या खोलीत लावा आणि कपाट, कप्पा यांचा पत्ता नोंदीत लिहा. वर्गांक तसाच राहू द्या, तो तालिकेत उपयोगी पडतो. इतकंच केलं तरी बरीच जागा मोकळी होते. आणि निर्लेखनाची, म्हणजे साठ्यातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी करण्याआधी त्या पुस्तकाची प्रत राज्यात आणखी कुठे आहे का, हे विचारा. अनेक गावांत १९०० च्या आसपासच्या स्थानिक छापखान्यांची पुस्तकं आहेत आणि त्यांतल्या काहींची दुसरी प्रत कुठेच नसते.